भाताला आमटी लागली की घास फिरतो

कोपरखैरण्याहून एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. वय २९, माहेर सोलापूरचं, सासर मूळचं अलिबागकडचं. लग्नाला आठ महिने झाले. ऑफिस महापेला. घरात नवरा, सासू-सासरे. माणसं प्रेमळ आहेत असं ती आवर्जून लिहिते. अडचण जेवणाची आहे. ओलं, मऊ, बुळबुळीत काही तिला खाता येत नाही. ताटात एका पदार्थाचा रस दुसऱ्याला लागला तरी घास तोंडात फिरतो. हे लहानपणापासूनचं आहे. तळलेली सुरमई आवडते, पण तिचंच कालवण घशाखाली उतरत नाही. भेंडी, अळू, वांग्याचं भरीत हे तर नकोच. सासरी रोज भात, भातावर आमटी, आणि ताट सासूबाई स्वतःच्या हाताने वाढतात. सासरे आमटीचा भुरका मारतात, त्या आवाजाने तिला पानावरून उठून जावंसं वाटतं.

सासूबाई पहाटे उठून तिला डबा करून देतात. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात डब्यात वालाचं बिरडं होतं. तिने ते ऑफिसात साफसफाई करणाऱ्या मावशींना दिलं आणि घरी ‘छान झालं होतं’ म्हणून सांगितलं. तेव्हापासून दर आठवड्याला तिच्यासाठी मुद्दाम बिरडं होतं, डबा मावशींकडे जातो आणि ती चणे आणि खाकरे खाऊन दुपार काढते. वजन ५२ किलोवरून ४८ वर आलं आहे. नवरा म्हणतो, ‘लहान आहेस का आता, सवय कर.’ नणंद ‘नखरे’ म्हणाली, ते मनाला लागलं आहे. शेवटी ती लिहिते : “घरात सगळे सगळं खातात, मीच एकटी अशी. कारलं तेवढं येत नाही, बाबांना चालत नाही. ताई, हा आजार आहे का? मी स्वतःला कशी बदलू? आणि उद्या माझं मूलही असंच निघालं तर?”

पत्रात तू मला ताई म्हटलं आहेस, तेव्हा मीही ‘तू’च म्हणते.

तुझं पत्र वाचताना मी एका जागी अडले. ‘घरात सगळे सगळं खातात’ असं लिहितेस आणि लगेच पुढे लिहितेस, ‘कारलं तेवढं येत नाही, बाबांना चालत नाही.’ म्हणजे सगळे सगळं खात नाहीत. बाबा, म्हणजे तुझे सासरे, कारलं खात नाहीत. पण बाबांचे नखरे आहेत असं कुणी म्हणत नाही, कारण कारलं घरात येतच नाही. आईंनी, म्हणजे तुझ्या सासूबाईंनी, लग्नानंतर कधीतरी ते केलं असेल, बाबांनी बाजूला सारलं असेल आणि विषय तिथेच मिटला असेल. आता इतक्या वर्षांनी ती बाबांची नावड आहे हेसुद्धा कुणाच्या ध्यानात राहिलेलं नाही. ‘आमच्याकडे कारलं होत नाही’ अशी ती घराची रीत झाली आहे. तू आठ महिन्यांपूर्वी आलीस. तुझी नावड अजून रीत झालेली नाही, म्हणून ती रोज ताटात दिसते.

आणखी एक विचारते. माहेरी तू ‘अशी’ नव्हतीस का? होतीसच. पण सोलापूरकडचं ताट आठवून बघ. ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी, ठेचा, परतलेली मटकी, कांदा फोडून दिलेला. महिनाभर टिकणारी कडक भाकरी तर तोंडात वाजते. त्या ताटात ओलं आणि कोरडं आपोआप वेगळं राहतं. आईने आमटीची वाटी ठेवली आणि ती तशीच राहिली, तरी भाकरी-चटणी पोटभर गेलेली असायची. कोण कशाला बघतंय? सासरी जेवण भातावर उभं आहे आणि भात कालवायचा असतो. कालवण या शब्दातच ते कालवणं आहे. तू माहेरी होतीस तीच आहेस, फक्त आता तुझ्यापुढे वेगळं ताट आलं आहे.

पण सगळं प्रांतावर ढकलून मी मोकळी होणार नाही. सोलापूरच्या कितीतरी मुली कोकणात जाऊन सोलकढी-भात आवडीने खायला लागतात. तुझं त्यांच्यापेक्षा जास्त आहे आणि ते खरं आहे.

‘मनाचे खेळ आहेत’ हे तू ऐकलं असशील, नव्हे, स्वतःलाच सांगितलं असशील. तर ऐक. १९३१ साली अमेरिकेत आर्थर फॉक्स नावाचा रसायनशास्त्रज्ञ प्रयोगशाळेत एक पूड बाटलीत ओतत होता. थोडी हवेत उडाली. शेजारचा सहकारी म्हणाला, ही पूड केवढी कडू आहे. फॉक्सला काहीच लागेना. त्याने बोटाने जिभेवर ठेवून बघितली, तरी काही नाही. एकच पदार्थ, दोन जिभा. त्या पदार्थाला पीटीसी म्हणतात, आणि तो कुणाला कडू लागतो, कुणाला नाही, हे बरंचसं आईवडिलांकडून आलेल्या एका जनुकावर ठरतं, हे पुढे २००३ मध्ये कळलं. कोबीच्या जातीच्या भाज्यांतला कडवटपणा काहींना जास्त बोचतो त्यामागेही हेच आहे. तेव्हा शेजारच्याला गोड लागतं म्हणून तुलाही लागलंच पाहिजे, हा आग्रह मुळातच लंगडा आहे.

तुझी गोष्ट चवीपेक्षा स्पर्शाची आहे. मला ती नीट कळते. मला दुधावरची साय चालत नाही. चहा पिताना सायीचा पापुद्रा ओठाला चिकटला की अंगावर काटा येतो आणि कप खाली ठेवावा लागतो. सायीची चव मला नकोशी आहे म्हणावं, तर त्याच सायीचं तूप मी भातावर चमचाभर जास्त घेते. नकोसा असतो तो ओठाला होणारा स्पर्श. घास चावताना जीभ, टाळू, हिरड्या, दात यांना जे जाणवतं तेही चवीइतकंच खाणं असतं. आवाजसुद्धा त्यात येतो. ऑक्सफर्डला २००४ च्या सुमारास एक प्रयोग झाला होता. लोकांना बटाट्याचे वेफर्स खायला दिले आणि त्यांच्याच चावण्याचा आवाज कानाला लावलेल्या हेडफोनमधून त्यांना ऐकवला. आवाज वाढवला, त्यातला कर्रकर्रपणा वाढवला, की तेच वेफर्स जास्त ताजे आणि कुरकुरीत लागत. आपल्याकडे पापड जेवणाच्या शेवटी मऊ पडला की कुणी हात लावत नाही. सगळ्यांनाच हे कळतं, तुला ते जरा लवकर आणि जास्त कळतं एवढंच.

अळूचं तर सरळ शारीरिक कारण आहे. अळूच्या पानात आणि देठात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते घशाला टोचतात. म्हणून तर फदफद्यात चिंच पडते, अळू नीट शिजवतात आणि चिरताना हाताला तेल लावतात. भेंडीची बुळबुळ म्हणजे तिच्यातला चिकट द्रव, जो पाणी लागलं की सुटतो. धुवून अगदी कोरडी पुसलेली, जरा मोठी चिरलेली, झाकण न ठेवता परतलेली आणि आमसूल घातलेली भेंडी कमी चिकट होते. हे मी भेंडीवाल्या इतर वाचकांसाठी सांगते आहे. तू सध्या भेंडीच्या वाटेला जाऊ नकोस.

आता ताटाबद्दल, कारण मला वाटतं तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथे आहे.

माझी आजी नौपाड्यातल्या चाळीत राहायची. सणाला पानं वाढायचं काम आम्हा मुलींकडे असे आणि ती पाटावर बसून बघत असे. वर मधोमध मीठ. त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, मग चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवीकडे भाजी, उसळ. पातळ ते सगळं वाटीत. मधे भाताची मूद, तिला वरून आळं करून त्यात वरण आणि तुपाची धार, म्हणजे वरण आळ्यात राहतं आणि मुदीची बाजू कोरडी राहते. एकदा मी काकडीची कोशिंबीर न पिळता वाढली. तिचं पाणी ओघळत मिठापर्यंत गेलं आणि मिठाचा चिखल झाला. आजीने ते ताट उचलायला लावलं, पुसायला लावलं आणि पुन्हा वाढायला लावलं. रागावली नाही. एवढंच म्हणाली, ‘ज्याचं त्याला कालवू दे.’

ते वाक्य मला तुझं पत्र वाचताना आठवलं. आपल्या ताटाची जुनी रीतच मुळी वेगवेगळं वाढायची आहे. कालवायचं काम जेवणाऱ्याचं. कुठला घास कशाबरोबर, किती ओला, किती कोरडा, हे ज्याचं त्याने बोटांनी ठरवायचं. तू जे मागते आहेस ती कुठली नवी फॅशन नाही, अगदी साध्या मराठी पानाची पद्धत आहे. घाईच्या दिवसांत, रात्री नऊ वाजता, सगळे दमून आलेले असताना भातावर आमटी ओतून ताट पुढे सरकवलं जातं. आईंचा त्यात दोष नाही. पण तू ‘मला आमटी वाटीत द्या’ म्हणालीस तर तो आईंच्या स्वयंपाकाचा अपमान होत नाही, हे तुझ्या मनात पक्कं असू दे.

पानाच्या डाव्या बाजूबद्दल थोडं. तोंडी लावणं हा आपल्या भाषेतला फार नेमका शब्द आहे. एकच चव घासामागून घास आली की ती हळूहळू नकोशी होते, पोट भरलेलं नसलं तरी. बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये यावर प्रयोग करून दाखवलं, की नुकताच खाल्लेला पदार्थ नकोसा वाटतो तेव्हाही न खाल्लेला पदार्थ तेवढाच हवासा वाटत असतो. लोणच्याची एक फोड जिभेला लागली की पुढचे चार घास जातात, ते त्याचमुळे. तुझ्या ताटात चार कोरड्या, कुरकुरीत, झणझणीत गोष्टी असल्या तर मधला भातही थोडा जास्त जाईल. शेंगांची चटणी, भाजलेला पापड, तळलेली मिरची, कच्चा कांदा. सोलापूरहून चटणीचा डबा आणून ठेव, आणि तो फ्रिजच्या मागे लपवू नकोस, टेबलावर सगळ्यांच्या मधे ठेव. जेवण गरम असतानाच बस, कारण वास वाफेबरोबर नाकात जातो आणि आपण ज्याला चव म्हणतो त्यातलं पुष्कळसं नाकाचं काम असतं. सर्दीत जेवण बेचव लागतं ते यासाठीच.

आजाराचं विचारलंस. चार किलो वजन आठ महिन्यांत जाणं मी हलकं घेणार नाही. या आठवड्यात डॉक्टरकडे जा आणि त्यांना वजनाचं आणि खाण्याचं खरं सांग. हिमोग्लोबिन, लोह, बी-१२ आणि ड जीवनसत्त्वाच्या तपासण्या त्यांना विचारून करून घे. लोह कमी पडलं की भूकही मंदावते, मग कमी खाणं आणि कमी भूक असं ते एकमेकांना ओढत नेतं. मोजके पदार्थच खाता येणं, त्यापायी वजन किंवा जीवनसत्त्वं घसरणं, चारचौघांत जेवणं अशक्य होणं, या अवस्थेला डॉक्टरांच्या भाषेत २०१३ पासून स्वतंत्र नाव आहे, एआरएफआयडी. बारीक होण्याच्या हौसेशी त्याचा संबंध नसतो. तुला ते आहे असं मी पत्रावरून म्हणणार नाही, तो माझा अधिकार नाही. पण तपासणीत काही निघालं, वजन आणखी उतरलं, किंवा जेवायची वेळ आली की छातीत धडधड व्हायला लागली, तर मानसोपचारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ दोघांना भेट. हे उपचारांनी सुधारणारं असतं, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता बिरडं. पत्रात तू याबद्दल चारच ओळी लिहिल्या आहेस, पण मला वाटतं रात्री झोप उडवणारी गोष्ट हीच आहे.

बिरड्याला काय लागतं ते तुला आता ठाऊक असेल. वाल रात्री भिजत घालायचे, दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक वाल बोटांत दाबून सोलायचा. दोन दिवस जातात. आई हे दर आठवड्याला करतात, तुला आवडतं म्हणून. आणि तू दर आठवड्याला ‘मस्त होतं’ म्हणतेस, त्यांचं मन राखायला म्हणून. दोघी एकमेकींसाठी करता आहात आणि दोघींच्याही पदरात काही पडत नाही. हे जितकं लांबेल तितकं अवघड होईल. कधीतरी ऑफिसातलं कुणी घरी येईल आणि सहज बोलून जाईल, की काकू, तुमच्या बिरड्याची चव मावशींच्या तोंडी असते. ते त्यांना तिसऱ्याकडून कळू नये.

तर सांग. पण काय सांगायचं आणि काय नाही, यावर माझं मत स्पष्ट आहे. ‘मला बिरडं खाता येत नाही’ हे सांग. ‘आठ महिने मी डबा दुसऱ्याला देत होते’ हे सांगू नकोस. ते सांगितलंस तर तुझ्या मनावरचं ओझं उतरेल आणि त्यांच्या मनावर बसेल. अन्न वाया गेलेलं नाही, एका कष्टकरी बाईच्या पोटात गेलं आहे. झालं ते तिथे राहू दे. मात्र उद्यापासून खोटं बोलायचं नाही. त्यांनी उघडच विचारलं, की मग इतके दिवस डब्याचं काय करत होतीस, तर खरं ते सांग आणि माफी माग. आपण होऊन उकरू नकोस, एवढंच.

कधी सांगायचं? जेवणाच्या वेळी नको. ताट पुढे असताना सांगितलेलं सगळं त्या ताटाबद्दलचं गाऱ्हाणं वाटतं. रविवारी सकाळी त्या वाल सोलायला बसतील तेव्हा तूही बाजूला बस. हात कामात असले की बोलणं सोपं जातं, एकमेकींच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. आणि आधी त्यांना विचार, ‘आई, तुम्हाला माहेरी काय आवडायचं?’ हे मी नुसतं गोड बोलायला सांगत नाही. आपल्याकडच्या कितीतरी बायका घरच्यांच्या आवडीनिवडी सांभाळता सांभाळता स्वतःचं विसरून गेलेल्या असतात. कदाचित त्यांना कारलं आवडत असेल. त्यांचं ऐकून झालं की तुझं सांग, साध्या शब्दांत : ‘मला लहानपणापासून ओलं-मऊ तोंडात घेतलं की उलटी येईलसं होतं. तुमच्या हाताला चव आहे म्हणून सांगायला जीभ रेटत नव्हती. सुरुवातीला भीड पडली आणि मी छान म्हणाले, ते चुकलं. मला भात कोरडा आणि आमटी वाटीत चालेल?’ पुढे एक मागणं कर जे त्यांना सहज जमेल. ‘रस घालायच्या आधी मूठभर वाल मला काढून ठेवाल? मी ते वाफवून तव्यावर परतून बघते.’ नकाराबरोबर काहीतरी मागितलं, की समोरच्याला आपलं करणं फुकट गेलं असं वाटत नाही.

त्यांना वाईट वाटेल का? वाटेल. दोन दिवस कदाचित बोलणं तुटक होईल. ते सहन कर, आणि त्या दोन दिवसांत घाबरून पुन्हा बिरडं मागून घेऊ नकोस.

नवऱ्याला याआधी सांग, आणि सवयीच्या वादात शिरू नकोस. वजनाचे आकडे त्याच्यापुढे ठेव. त्याच्याकडून तुला एकच गोष्ट हवी आहे : ताट वाढायच्या वेळी त्याने म्हणावं, ‘आई, भांडी मधे ठेव, आम्ही घेतो.’ हेच वाक्य तुझ्या तोंडून आलं तर घरात निराळं ऐकू येतं आणि मुलाच्या तोंडून आलं तर साधं वाटतं. ते बरोबर आहे का? नाही. पण आज तुझ्या पोटात चार घास जाणं मला जास्त महत्त्वाचं आहे. नणंदेचं सोडून दे. ती चार दिवसांची पाहुणी, तिला उत्तर द्यायची गरज नाही.

भुरक्याचं थोडक्यात. चहाची पारख करणारे लोक चमच्यातून मुद्दाम जोरात भुरका मारतात, कारण हवा आत ओढली की वास नाकापर्यंत पोहोचतो आणि चव खुलते. बाबा आमटीची चव घेतात ती अशी. त्यांना ते बंद करायला सांगू नये असं मला वाटतं. तू त्यांच्या समोर न बसता त्यांच्याच बाजूला एक खुर्ची सोडून बस, पंखा किंवा रेडिओ चालू असू दे. काहींना असे आवाज खरोखर असह्य होतात, राग मस्तकात जातो. तसं होत असेल तर तेही डॉक्टरांना सांग.

डबा दोन-तीन दिवस तू स्वतः कर. भाकरी, परतलेली मटकी, दोन उकडलेली अंडी, मूठभर शेंगदाणे. नुसत्या चणे-खाकऱ्यांवर दुपार काढणं बंद. आईंना म्हण, ‘आठवड्यातून तीन दिवस तुम्ही पहाटे उठायचं नाही.’ त्यांनाही विश्रांती मिळेल.

आणि बदलायचं? थोडंसं जरूर बदल, कारण खाण्याची यादी अगदी आखूड असली की प्रवासात, दुखण्यात, बाळंतपणात त्रास तुलाच होतो. फक्त लाज वाटते म्हणून बदलू नकोस, आणि एकदम तर नकोच. आयुर्वेदात सात्म्य म्हणून एक कल्पना आहे, शरीराच्या अंगवळणी पडलेलं ते सात्म्य. ते बदलायचं तर पादांश क्रमाने, म्हणजे पाव-पाव हिश्शाने बदलावं, असं सांगितलेलं आहे. तुझ्यासाठी ते असं : महिन्याला एकच पदार्थ. आमटीने सुरुवात कर, कारण ती रोज असते. पहिले काही दिवस आमटी वाटीत, ताटाबाहेर, नुसती वास घेण्यापुरती जवळ. मग भाकरीचा एक कोपरा तिच्यात बुडवून लगेच तोंडात, मऊ पडायच्या आत. तो गिळलाच पाहिजे अशी अट नाही, नको वाटला तर रुमालात काढ. मग दोन कोपरे. हे भूक लागलेली असताना कर आणि कुणी बघत नसताना कर. लहान मुलांवरच्या अभ्यासांत दिसतं, की नवी चव रुळायला तीच चव आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा चाखावी लागते, तीही जबरदस्तीशिवाय. मोठ्या माणसाला आणखी वेळ लागेल. दोन महिन्यांनी आमटी जमली नाही, तर नाही जमली. भेंडी आणि अळू यांना मात्र या यादीत घेऊच नकोस. जगात भेंडी न खाता माणसं सुखाने नव्वदी गाठतात.

हे पत्र वाचणाऱ्या सासवा, आया, नवरे यांनाही दोन शब्द. तुमच्या घरात असं कुणी असेल तर त्याच्या ताटाकडे बघून बोलू नका, चांगलंही नको आणि वाईटही नको. ‘आज खाल्लंस की!’ हेसुद्धा नको, त्याने पुढचा घास अडतो. आग्रह एकदा करा, दुसऱ्यांदा नको. ठाण्यात मामलेदार कचेरीजवळ मिसळ खाणारी माणसं कधी न्याहाळून बघा. एक जण सगळी तर्री फरसाणावर ओततो आणि लगदा होऊ देतो, दुसरा फरसाण कुरकुरीत राहावं म्हणून चमच्या-चमच्याने भिजवतो, तिसरा आधी रस्साच पिऊन टाकतो. तिथे कुणी कुणाला ‘असं काय खातोस’ म्हणत नाही. तेवढी मोकळीक घरच्या टेबलावरही देता येते.

मुलाची काळजी आत्तापासून नको. दोन ते सहा वर्षांची बहुतेक मुलं नव्या पदार्थाला नाक मुरडतातच, ते वयच तसं असतं. तुझ्यासारखं निघालंच, तर त्याला ‘नखरे’ हा शब्द ऐकवणार नाही अशी आई मिळेल.

जाता जाता एक. तुझ्या सासरच्या गावाकडे थंडीत पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, मग मडकं उपडं करून भोवती जाळ. बाहेर येतात त्या शेंगा कोरड्या, धुरकट, खारट असतात, आणि एकेक सोलून खायच्या असतात. रस नाही, काही कुठे लागत नाही. बाबांना विचार, यंदा जानेवारीत आपण सगळे जाऊ या का. आणि जाताना सोलापूरची कडक भाकरी बरोबर घे, आईंना तिच्याबरोबर त्या शेंगांतले वाल कसे लागतात ते बघू दे.